यंदाचा शेवटचा सीझन

आमच्या गावात मास्तर दोन. एक मी. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं खडू झिजवला, नोकरीत राहून बी.ए. केलं, तरी मला सगळे 'गुरुजी' म्हणतात. दुसरा नववीत दोनदा बसला आणि तिसऱ्यांदा बसायचा कंटाळा आला म्हणून उठला. त्याला अख्खा तालुका 'मास्तर' म्हणतो. त्याची बायकोसुद्धा उंबऱ्यात उभी राहून "मास्तर, भाकरी निवती" अशी हाक मारते. मला आयुष्यात कुणी मास्तर म्हटलेलं आठवत नाही, आणि हे मला थोडंसं लागलेलं आहे, ते आधीच सांगून टाकतो.

हा मास्तर बँजो पार्टीचा. तो एकटाच आहे असं मात्र समजू नका. बारामतीहून इंदापूरला निघालात की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं लागतात आणि दर गावच्या स्टँडवर, चहाच्या टपरीशेजारी, खिशाला गॉगल अडकवून असा एक मास्तर बसलेला असतो. तेव्हा मी एकाचं वर्णन करतोय म्हणून कुणी अंगाला लावून घेऊ नये. घ्यायचंच झालं तर सगळ्यांनी मिळून घ्यावं.

त्याची ओळख त्याच्या कार्डावरून करून घ्यावी. कार्डाचा रंग गुलाबी. वर ग्रामदैवताचं नाव, त्याला जोडून 'म्युझिकल ग्रुप', खाली 'प्रो. प्रा.' आणि मग त्याचं नाव. हे 'प्रो. प्रा.' वाचून एका नवीन ग्रामसेवकानं मला विचारलं होतं, "हे प्राध्यापक कुठल्या कॉलेजवर असतात?" त्याखाली बारीक अक्षरात : 'आमच्याकडे बँजो, ब्रास बँड, सनई-चौघडा, डॉल्बी, घोडा व रथ मिळेल.' यातला बँजो तेवढा त्याचा. ब्रास बँड चुलतभावाचा, सनई कुणाची ते सुपारी आल्यावर ठरतं, घोडा अकलूजच्या बाजूला बांधलेला असतो, आणि रथ म्हणजे ऊस उतरवून धुतलेली ट्रॉली. कार्डावर फोन नंबर चार. त्यांतले दोन बंद आहेत आणि तिसरा मेव्हण्याकडे लागतो.

सुपारी हा शब्द शहरातल्या वाचकांना दचकवेल. आमच्याकडे मास्तर वर्षाला साठ-सत्तर सुपाऱ्या घेतो आणि पोलीस त्याला चहा पाजतात. सुपारी म्हणजे वाजवायचं ठरणं. ठरताना हातावर टेकवायचा तो इसार. इसार घेतला की मास्तर खिशातली डायरी काढतो आणि भिंतीवरचं कालनिर्णय बघतो. दाट तिथी, काढीव तिथी, अस्त, मलमास हे सगळं त्याला भटजींच्या आधी पाठ असतं. "गुरुजी, गुरूचा अस्त हाय औंदा, मे कोरडा जाणार," हे त्यानं मला पौषात सांगितलं होतं आणि त्यात तीळभर फरक पडला नाही. गुरूच्या अस्तानं ज्याचा उदरनिर्वाह हलतो असा माणूस ग्रहताऱ्यांकडे बारीक लक्ष ठेवणारच.

दिसायला तो ठरीव. केस काळेभोर, म्हणजे शनिवारी काळे केलेले. शर्टावर चकचकीत काहीतरी. पांढरे बूट. रात्रीच्या वरातीत गॉगल. हे कशासाठी, असं विचारलं तर तो म्हणतो, "आवो, फोकस पडतो तोंडावर." फोकस पुढच्या नवरदेवावर असतो, मास्तरच्या तोंडावर पडते ती मागून येणाऱ्या एस.टी.ची लाइट. पण गॉगल असतो. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर घट्टे पडलेत, तेवढा एक दागिना खरा.

वडील ब्रास बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, खाली पायजमा आणि पायात टायरच्या चपला. आमच्या लहानपणी तो कोट बघून आम्हाला वाटायचं की हा माणूस इंग्रजांच्या पलटणीतून थेट आमच्या मारुतीच्या पारावर आलाय. पोरगं त्यांच्याबरोबर आधी नुसतं चालायचं, मग त्याच्या हातात खुळखुळा आला, मग झांज. क्लॅरिनेट मात्र हातात आलं नाही. त्याला दात मजबूत लागतात आणि पुढचा दात याचा विटीदांडूत गेला. दात गेला म्हणून बँजो आला, असा या घराण्याचा इतिहास आहे.

आणि इथंच खरी गोष्ट सुरू होते.

मागच्या मे महिन्यात माझी भाची पुण्याहून आली होती. ती जपानी शिकते. भाषा शिकता शिकता तिला तिथल्या पोरांच्या बँडांचं वेड लागलं. 'अराशी' नावाचे पाच जण. नाव म्हणजे वादळ. १९९९ साली सुरू झाले. ओनो, साकुराई, आइबा, निनोमिया, मात्सुमोतो ही नावं ती अशी घेते, जशी आमची आई अष्टविनायक घ्यायची. दुपारी ओट्यावर बसून ती मला त्यांची गाणी दाखवत होती. तेवढ्यात समोरच्या शेडमध्ये मास्तर बँजो घेऊन बसला आणि त्यानं तारा पिळायला सुरुवात केली. भाची कान टवकारून उठली, पलीकडे गेली, वाद्यावर वाकली आणि म्हणाली, "मामा, हे तर ताइशोगोतो आहे!"

मास्तर म्हणाला, "न्हाई ताई, बँजो हाय."

तिनं सांगितलं ते असं. अमेरिकेतला बँजो निराळा. गोल ढोलक्याला लांब दांडा लावलेला. आपण ज्याला बँजो म्हणतो, लाकडी पेटीवर तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं, ते वाद्य १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसानं तयार केलं. तो परदेशात फिरून आला होता, तिथं त्यानं टाइपरायटर पाहिला होता. जपानचं जुनं वाद्य कोतो. ते महाग आणि शिकायला अवघड. यानं विचार केला, तारांवर बटणं बसवली तर कुणालाही वाजवता येईल. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. त्याच वर्षी तिथं नवा सम्राट गादीवर आला आणि ताइशो कालखंड सुरू झाला, म्हणून ताइशोगोतो. पुढं ते आपल्याकडं आलं, त्याचं बुलबुल तरंग झालं. मग मिरवणुकांत शिरलं, त्याला वीज लागली, कर्णा लागला, आणि नाव पडलं बँजो. नाव चुकीचं, पण आमच्या रस्त्यावर 'जंक्शन' नावाचं गाव आहे आणि तिथं रेल्वे नाही. आम्हाला अशा गोष्टींचं काही वाटत नाही.

मास्तरनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे इम्पोर्टेड म्हणायचं का?"

"मूळचं जपानी," भाची म्हणाली.

"मग सुपारीला दोन हजार वाढवायला काय हरकत न्हाई."

पण ती एवढ्यावर थांबणारी नव्हती. तिनं शेडभर नजर फिरवली. कोपऱ्यात कॅसिओ. आमच्याकडं की-बोर्ड कुठल्याही कंपनीचा असो, त्याला कॅसिओच म्हणतात. कॅसिओ कंपनी टोकियोची, त्यांचा पहिला की-बोर्ड १९८० सालचा. त्याच्या शेजारी स्टँडवर ऑक्टोपॅड. तो रोलँडचा, आणि रोलँड कंपनी १९७२ साली ओसाकात निघालेली. मागं जनरेटर, त्यावर होंडा. "मामा, यांचा अख्खा बँडच जपानी आहे. फक्त माणसं आपली."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा किडा शिरला. टोकियोत पोरांचे बँड कसे निघतात, चालतात, मोडतात हे मी भाचीकडून समजून घेतलं, आणि जे जे कळलं ते मला आधीच ठाऊक होतं. फक्त मी ते काटेवाडी ते निमगाव केतकी या रस्त्यावर पाहिलं होतं.

पोरं कुठून येतात तेच बघा. टोकियोत १९६२ साली अशी पहिली चौकडी निघाली ती बेसबॉल खेळणाऱ्या पोरांतून. आमच्या मास्तरची पोरं टेनिस बॉलच्या क्रिकेटमधून आली. यात्रेतल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली, परतीला गाडीभाडं नव्हतं, तिथं दुसऱ्याच कुणाच्या बँजोपुढं नाचत बसली. मास्तरनं बघितलं, ताल धरतायत. झालं. ती सगळी माझ्या हाताखालून गेलेली पोरं. ढोलवाला मागच्या बाकावर बसायचा आणि मी फळ्याकडं वळलो की बाक बडवायचा. त्याला मी छड्या मारल्यात. आज तो त्याच कामाचे एका रात्रीचे हजार रुपये घेतो आणि मला बघितलं की गाडीवरून उतरून पाया पडतो. मला कळत नाही, आशीर्वाद द्यावा की माफी मागावी.

जपानी बँडात प्रत्येकाचं काम वाटून दिलेलं असतं म्हणे. एक पुढारी, एक देखणा, एक हसवणारा. इथंही तसंच. बँजोवर खुद्द मास्तर. ऑक्टोपॅडवर त्याचा भाचा. तो देखणा, कारण त्याच्या केसांना खर्च होतो. ताशावाला हसवणारा. कॅसिओवाला गंभीर, त्याची बारामतीत एम.आय.डी.सी.त दुसरी पाळी असते आणि लग्न सकाळचं असेल तरच त्याला जमतं. माइकवर एक पोरगा असतो, तो बाईचा आणि पुरुषाचा दोन्ही आवाज काढतो, आणि मध्येच "मामा, पुढं चला, ट्रॅफिक झालीया" हे तिसऱ्या आवाजात सांगतो.

बँड म्हटला की फुटणं आलं. 'स्मॅप' नावाचा जपानातला फार मोठा बँड, १९८८ साली जमलेला. सहा जण. त्यांतला एक १९९६ साली भर बहरात उठला आणि मोटारसायकलच्या शर्यतीत गेला. देशभर पोरी रडल्या. आमच्याकडं साइड ड्रमवाला ऐन मार्गशीर्षात उठला आणि उसाच्या ट्रॅक्टरवर गेला. भवानीनगरचा छत्रपती म्हणा, माळेगाव म्हणा, बिजवडीचा कर्मयोगी म्हणा, कारखान्याचा हंगाम आणि लग्नाचा हंगाम एकाच वेळी पेटतो, आणि मागं दोन ट्रॉल्या लावून रात्रभर ऊस ओढणाऱ्या ड्रायव्हरला जो रोकडा पैसा मिळतो तो ड्रमला मिळत नाही. रडलं कुणी नाही. मास्तरनं एवढंच केलं : तो ट्रॅक्टर वरातीच्या आडवा आला की त्याला वाट द्यायची नाही. पोरगा वर बसून हॉर्न वाजवतो, खाली त्याचीच जुनी चाल वाजते, आणि म्हणे दोन-चार वेळा हॉर्न बरोबर समेवर आलाय.

यातली एक गंमत तर मला वेड लावणारी वाटली. अराशीतल्या मात्सुमोतोनं २००५ साली एक युक्ती काढली : स्टेजच चालतं करायचं. पोरं वर नाचतायत, आणि स्टेज सरकत प्रेक्षकांच्या डोक्यांवरून पलीकडं जातंय. जपानात याचं केवढं कौतुक झालं! त्याच २००५ साली टाटांचा 'एस' म्हणजे आपला छोटा हत्ती बाजारात आला. मागं दोन बेस, वर दोन टॉप, मध्ये जनरेटर, कडेला कॅसिओवाला लोंबकळतोय, पुढं ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून बसलाय. चालतं स्टेज. मात्सुमोतोला इंजिनिअर लागले असतील; आमच्या ड्रायव्हरला डाव्या पायाचं दुखणं लागलं, एवढाच फरक.

मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत अंतर तीनशे मीटर. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेव दहाला घोड्यावर बसतो. घोड्याला सगळं पाठ असतं, तो उभ्या उभ्या डुलकी काढतो. साडेअकरापर्यंत वरात पिठाच्या गिरणीपर्यंत येते. गिरणीजवळ नवऱ्याचे मित्र अडतात आणि नागीण मागतात. नागीण म्हणजे तोंडात रुमाल धरून एकानं डांबरावर लोळायचं. या पुंगीबद्दल जाता जाता सांगतो : १९५४ सालच्या 'नागिन' सिनेमातली ती बीन खरी पुंगी नव्हतीच, कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन नावाच्या बटणांच्या वाद्यावर काढली होती. तेव्हा मास्तर ती बँजोवर काढतो त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. परंपराच आहे.

पण ही वेळ मास्तरची. भटजी मंडपातून माणूस पाठवतात, "चला म्हणावं, मुहूर्त टळतोय." मुलीकडचे मामा डोळे वटारतात. नवऱ्याचे मित्र शंभराची नोट मास्तरच्या डोक्यावरून ओवाळतात. दोनशे माणसांचं पुढं जाणं किंवा थांबणं त्या एका माणसाच्या बोटावर आहे, आणि त्याला ते ठाऊक आहे. तहसीलदारांच्या एका सहीला जेवढं वजन, तेवढं त्या क्षणी त्या अंगठ्याला. तो भटजींकडं बघून मान हलवतो, मामांकडं बघून हात जोडतो, नोट खिशात घालतो, आणि वाजवणं चालू ठेवतो. बारा तेहतीसला मात्र, कुणी न सांगता, तो एकदम तोडा घेतो आणि वरात मंडपाच्या दारात असते. मी शेकडो लग्नं पाहिली. या माणसानं गाठलेला मुहूर्त भटजींच्या घड्याळापेक्षा पक्का असतो.

त्याचे काही नियम आहेत, ते कार्डावर छापलेले नाहीत. दवाखान्यापुढं बँजो बंद. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत शाळेपुढं बंद. वाटेत कुणाचं सुतक असेल तर चार घरं अलीकडं थांबून चार घरं पलीकडं सुरू करायचं, मग नवरदेवाचा बाप कितीही मोठा असो. कारखान्याच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलची सुपारी घ्यायची. गुलाल कुणाचाही उडो, इसार दोघांचा. हरलेल्याला अर्धा इसार परत द्यायचा की नाही यावर त्याचं अजून ठरलेलं नाही.

एका दिवशी तो सुपारी घेत नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडं निघते तो दिवस. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. त्या दिवशी मास्तर साधा पांढरा सदरा घालून, गॉगल घरी ठेवून, टाळ घेऊन दिंडीत चालतो. आता इतकी वर्षं वराती वाजवून त्याच्या हाताला एक चाल बसलीय. ज्ञानोबा-तुकारामाचा गजर सुरू झाला की पहिली दहा मिनिटं ठीक जातात, मग याचा टाळ हळूहळू पळायला लागतो, आणि मागची तरणी पोरं वारकरी असूनही खांदे उडवायला लागतात. विणेकरी वळून बघतात. मास्तर जीभ चावतो. पुन्हा दहा मिनिटं. सणसरपर्यंत विणेकऱ्यांची मान दुखून येते, पण त्याला बाजूला हो असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

२०१६ साली रवी जाधवांचा 'बँजो' सिनेमा आला तेव्हा तो सगळ्या पोरांना घेऊन बारामतीत पाहायला गेला. रितेश देशमुख बँजो वाजवणारा, आणि त्याचा बँजो ऐकून थेट न्यूयॉर्कहून एक पोरगी त्याला शोधत येते. परत आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?" म्हणाला, "चांगलाय. पर आपल्याला कोण न्यूयॉर्कवरनं शोधत येतंय, गुरुजी? बावड्याच्या पार्टीला बाकी मागाया फोन केला तर उचलत न्हाईत."

जपाननं त्याला पोटापाण्याचं दिलं तसं वैरीही दिलाय, हे मी त्याला फार उशिरा सांगितलं. कराओके. १९७१ साली कोबे शहरात इनोउए दाइसुके नावाच्या एका वादकानं ते यंत्र तयार केलं आणि पेटंट घ्यायचं राहूनच गेलं. स्वतः बँडात वाजवणाऱ्या माणसानं बँडाशिवाय गाणं म्हणायची सोय करावी, याला काय म्हणावं! आता आमच्याकडं हळदीच्या रात्री निवृत्त सर्कलसाहेब मोबाइल लावतात, माइक धरतात आणि एकामागून एक गाणी म्हणतात. फुकट. मास्तर कोपऱ्यात बसून ऐकतो. "सूर?" मी विचारलं. "सूर जाऊंद्या," तो म्हणाला, "त्यांना इसार कोण देतंय ते सांगा."

दुसरा वैरी डॉल्बी. ती काही जपानी नाही आणि तिला माणसंही लागत नाहीत. एक पोरगा, एक लॅपटॉप. भिंती हादरतात, म्हशी दूध चोरतात. पोलीस मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम घेऊन येतात, आणि रात्री दहाला डॉल्बीबरोबर बँजोही बंद होतो. दहाला पाच कमी असताना मास्तर आरती सुरू करतो. आरती मध्येच थांबवायला कुठलाही हवालदार धजत नाही. ती आरती सव्वादहापर्यंत चालते. त्यात कडवी नेमकी किती असतात, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

आता शेवटच्या सीझनचं. दरवर्षी आखाडात, देवशयनी एकादशी झाली की मास्तर माझ्या ओट्यावर येऊन बसतो, पाय पसरतो आणि म्हणतो, "गुरुजी, ह्यो शेवटचा सीझन. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. वाद्यं इकून टाकतो आन् दोन म्हशी घेतो." मी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हळहळलो होतो. दुसऱ्या वर्षीही. आता मी नुसता चहा सांगतो. गणपतीला पंधरा दिवस राहिले की शेडमधून तारा पिळल्याचा आवाज येतो.

हे भाचीला सांगितलं तर ती गंभीर झाली. जपानात असं चालत नाही म्हणाली. अराशीनं २०१९ च्या जानेवारीत सांगितलं की आम्ही २०२० संपताना थांबणार, आणि ३१ डिसेंबर २०२० ला थांबले. त्या रात्रीचा कार्यक्रम टोकियोच्या स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्यांपुढं झाला, लोकांनी घरी बसून पाहिला. कोरोनाचं वर्ष ना. मग २०२५ च्या मेमध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२६ च्या वसंतात एकच दौरा करू आणि बँड कायमचा बंद करू. तारखा ठरलेल्या. स्मॅपचंही तसंच, ३१ डिसेंबर २०१६.

२०२० मास्तरवरही आलं होतं. लग्नाला पन्नास माणसं, आणि त्या पन्नासात बँड धरायचा की नाही हे कुणी सांगेना. सगळा उन्हाळा गेला. त्यानं छोट्या हत्तीत बेसच्या जागी कलिंगडं भरली, टॉप तसेच ठेवले, आणि गावोगाव ओरडत विकली. माइकवरचा पोरगा कलिंगडाची जाहिरात बाईच्या आवाजात आणि भाव पुरुषाच्या आवाजात सांगायचा. बायका हसत हसत बाहेर यायच्या. एका गल्लीत एका म्हातारीनं कलिंगड घेतलं आणि म्हणाली, "मास्तर, नातवाचं लगीन रद्द झालं बाबा. एक वाजीव की." बँजो सीटखाली होता. मास्तरनं गाडी बंद केली, बाजेवर बसून एक गाणं वाजवलं, आणि कलिंगडाचेच पैसे घेतले. ही गोष्ट त्यानं मला सांगितलेली नाही; ड्रायव्हरनं सांगितली.

आणि आता माझी एक चूक, कबूल करून टाकतो. त्या स्मॅपचा टीव्हीवर एक कार्यक्रम होता, १९९६ ते २०१६ अशी वीस वर्षं चालला. त्यात ही गाणारी पोरं स्वतः स्वयंपाक करून पाहुण्यांना जेवू घालायची. भाची मला कौतुकानं सांगत होती आणि माझ्या घशात घास अडकला. कारण माझ्या थोरलीच्या लग्नात मास्तरचाच बँजो होता. सकाळी आठला आलेली पोरं, बारा पस्तीसला मुहूर्त गाठून दिला, आणि मग पंगती सुरू झाल्या. पहिली पाहुण्यांची, दुसरी भावकीची, तिसरी गावकीची. मी आग्रह करत फिरत होतो. पोरं गाडीच्या सावलीला बसून होती. त्यांचं पान मांडलं तेव्हा चार वाजले होते, बुंदी संपली होती आणि भात गार झाला होता. मास्तर काही बोलला नाही. पाठवणीच्या वेळी त्यानं जे वाजवलं त्यानं माझी बायको, विहीणबाई आणि अकलूजचा घोडेवाला तिघंही रडले. मी हिशेब चुकता केला, पाया पडायला आलेल्या ढोलवाल्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याच्या ताटात काय पडलं होतं हे मला सहा महिन्यांनी कळलं.

तर, यंदाचा आखाड झाला. मास्तर येऊन बसला, पाय पसरले, शेवटचा सीझन म्हणाला, चहा प्याला. जाताना डायरी ओट्यावर विसरला. मी उघडून बघितली. तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा तारखा भरल्यात. त्यातल्या तिघांनी इसार दिलेला नाही. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी तारीख लौकर सांगावी, चौथ्या नंबरावर फोन करावा, आणि बँजोची पोरं पहिल्या पंगतीला बसवावीत. त्यांना फक्त दहा मिनिटं लागतात.